टोमण्यांची शिकवणी

कात्रीबाईंनी साठी ओलांडल्यावर इंग्रजीची शिकवणी लावली, ती काही कुणाशी गोड बोलता यावं म्हणून नाही. त्यांना सुनेला टोमणा मारायचा होता आणि सुनेला मराठीचं अक्षर कळत नव्हतं.

कात्रीबाई हे नाव शिवणघरातल्या बायकांनी दिलेलं. कापड असो की माणूस, बाई एकदा नजर टाकतात, खडूने रेघ मारतात आणि उभं कापतात, असं त्या म्हणायच्या. अर्थात बाई आसपास नसताना. बाईंना ते नाव ठाऊक होतं आणि मनातून पसंतही होतं. तरुणपणी त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात कॉलरी उलटवण्यापासून सुरुवात केली, मग बाह्या जोडल्या, मग कटिंगच्या टेबलापर्यंत पोचल्या, आणि नवरा गेला त्या वर्षी स्वतःचं शिवणघर उघडलं. नवरा बिचारा गरीब माणूस. जन्मभर बायकोच्या जिभेला भिऊन कमी बोलला आणि गेला तोही कुणाला काही न सांगता. घरात खाली शिवणघराची मोठी खोली, तिथे चार मशिनी, कापडाच्या कडा बांधायचं एक ओव्हरलॉक आणि पलंगाएवढं कटिंगचं टेबल. वर राहायच्या खोल्या. हॉस्पिटलातल्या नोकरांचे सदरे, बसचालकांच्या विजारी, वेटरांची जाकिटं असे युनिफॉर्म तिथे शिवले जात. फॅशनच्या कपड्यांना बाई हात लावत नसत. ज्याला काम आहे त्याला युनिफॉर्म असतो, बाकीच्यांनी आरशासमोर उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यांची खरी कारागिरी टोमण्यात होती. शिवी काय, रस्त्यावरचा कोणीही देतो. टोमणा बेतावा लागतो. समोरच्याला आधी वाटलं पाहिजे की आपलं कौतुक चाललंय, आणि घरी जाऊन चपला काढताना कळलं पाहिजे की आपल्याला भर दुकानात सोलून काढलं. रंग जाणारं कापड पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "कापड देखणं आहे हो तुमचं. फक्त माणसाला घाम येता कामा नये, एवढीच अट." तो व्यापारी हसत हसत बाहेर पडला आणि पुन्हा फिरकला नाही.

अशा बाईंच्या घरात चिरंजीवांनी परदेशातली बायको आणली. चिरंजीव दोन वर्षं बाहेर नोकरीला होते. येताना बायको घेऊन आले आणि नोकरी तिकडेच ठेवून आले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात व्यायामशाळा काढायचं खूळ होतं. हा माणूस एक जिना चढला की कठडा धरून उभा राहतो आणि हा म्हणे लोकांना व्यायाम शिकवणार! सून मात्र काम करायची. वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर कुठल्या तरी कंपनीचे नकाशे काढत बसायची. उंच, सडपातळ, हसरी. हसण्यावरच बाईंचा राग. ऊठसूट थँक्यू म्हणायची. पाणी दिलं, थँक्यू. दार उघडलं, थँक्यू. "घर आहे की बँकेची खिडकी?" बाई म्हणायच्या. दुपारी मशिनी जोरात चालू असताना ती खाली येऊन ओव्हरलॉकपाशी उभी राहायची, मान एका बाजूला कलती करून. आवाज मोजायला येते भवानी, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

रात्रीचं जेवण एकत्र, हा बाईंचा जुना शिरस्ता. टेबलाच्या एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून आणि मधे चिरंजीव दुभाषी. बाई टोमणा मारायच्या, चिरंजीव तो इंग्रजीत तिकडे पोचवायचे, सून ऐकायची आणि चेहरा उजळून म्हणायची, थँक्यू! "माझ्या सुनेची कमाल आहे. काल परातीचा आवाज ऐकून वाटलं मोलकरीण ठेवली की काय, पण नाही, तिने एक बशी विसळली होती." थँक्यू! बाईंना घास गिळवत नसे. एवढं बोचणारं बोलावं आणि समोरची बाई दात काढून आभार मानते? असली निगरगट्ट पोरगी त्यांनी अख्ख्या आयुष्यात पाहिली नव्हती.

मग एके दिवशी चिरंजीव खाली आले, कटिंगच्या टेबलाला रेलून उभे राहिले आणि बायकोच्या नावाने बोलू लागले. "आई, तिला हा मशिनींचा आवाज सोसत नाही गं. डोकं उठतं तिचं. ती म्हणते, खालचं विकून टाका, नाहीतर आपण दुसरीकडे राहू."

"खालचं म्हणजे?"

"म्हणजे शिवणघर. एक टाइलवाला आहे ओळखीचा, त्याला गोडाऊन हवंय. तुलाही आता आराम. किती राबणार?"

एकुलता एक मुलगा. तो निघून जाईल या एका वाक्यापुढे कात्रीबाईंची कात्री बोथट झाली. चार दिवस त्यांनी कापडावर खडूने रेघ मारली आणि पुसली. मग म्हणाल्या, "हॉस्पिटलची ऑर्डर पुरी होऊ दे. मग आण तुझ्या टाइलवाल्याला." त्या रात्री जेवताना सुनेने त्यांच्या ताटात स्वतःहून भाजी वाढली. जखमेवर मीठ चोळते आहे, असं बाईंना वाटलं.

शिवणघर जाणार हे त्यांनी गिळलं. पण आपल्याला शिवणघरातून उठवणारी ही पोरगी एक टोमणासुद्धा न लागता मोकळी सुटणार, हे काही गिळवेना. जाता जाता एक. एकच, पण तिच्या भाषेत, थेट, मधे दुभाषी नको. आणि असा, की थँक्यू म्हणायला तोंड उघडलं तर उघडंच राहावं.

सायकलच्या दुकानाच्या माडीवर एका मास्तरांचा इंग्रजीचा वर्ग चालायचा. मास्तर वाळक्या अंगाचे, कपाळाला कायमच्या आठ्या. वर्गात टॅक्सीवाले, नर्सा, हॉटेलातले लोक. सगळ्यांना नोकरीसाठी इंग्रजी हवं होतं. त्या दिवसांत वाक्प्रचार चालू होते. बाई पहिल्या बाकावर बसल्या आणि इंग्रजी भाषेची शिवण तपासू लागल्या.

मास्तरांनी सांगितलं, माणूस फार अधीर झाला की इंग्रजीत तो टाचण्या आणि सुयांवर बसतो.

"टाचण्या बसायच्या जागी सांडल्या कुणी?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे असती तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतली नसती."

मास्तर पुढे गेले. खोलीत खच्चून गर्दी झाली, तर खोली शिवणीत उसवते म्हणतात.

"म्हणजे शिवणीत माया सोडली नाही. कापड वाचवायला गेले असणार."

माणूस मेला तर त्याने बादलीला लाथ मारली म्हणतात, हे ऐकल्यावर तर बाईंनी कपाळावर हात मारला. "आणि या लोकांनी म्हणे जगाला शहाणपण शिकवलं!" टॅक्सीवाले हसून बेजार झाले. एक वाक्प्रचार मात्र बाईंना मनापासून आवडला. वरून फार भोळी दिसणारी बाई असली, तर तिच्या तोंडात लोणी वितळत नाही म्हणायचं. "आता कसं! हा टोमणा आहे. हे सांगणारी कोणीतरी सासू असणार," त्या म्हणाल्या आणि ते वाक्य त्यांनी घोकायला घेतलं.

पुढच्या तासाला अनेक अर्थांचे शब्द निघाले. मास्तरांनी फळ्यावर 'रन' लिहिलं. माणूस रन होतो, दुकान रन होतं, नळ रन होतो, नाक रन होतं, धुतल्यावर कापडाचा रंगही रन होतो.

"या भाषेला शब्द विकत मिळत नाहीत का?" बाईंनी विचारलं. "एकच सदरा, बापाने घालायचा, पोराने घालायचा आणि वाळत घातला की शेजाऱ्यानेही घालायचा?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "बाई, भूक लागते. ठेच लागते. पोराला नोकरी लागते, म्हाताऱ्याला धाप लागते, दाराला कडी लागते, गाडीत बसलं की एखाद्याला गाडी लागते. आणि रोज संध्याकाळी तुमचं बोलणं मला लागतं. किती सदरे झाले?"

वर्ग हसला. या वेळी सोलून निघाल्या होत्या त्या कात्रीबाई. अशी वेळ त्यांच्यावर फार वर्षांनी आली होती. मास्तर त्यांना तेव्हापासून जरा आवडू लागले, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

तास संपल्यावर मास्तरांनीच त्यांना थांबवलं. "तुम्हाला नेमकं काय शिकायचंय?"

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मास्तरांच्या आठ्या आणखी वाढल्या. "टोमणा नंतर. तुम्हाला समोरच्याचं एक वाक्य तरी कळतं का? येता-जाता बोलत असता. घरी आठ दिवस गप्प बसा. फक्त ऐका. कळलेले शब्द इथे येऊन सांगा."

गप्प बसणं ही शिक्षाच होती. पण टोमण्यासाठी बाईंनी तीही पत्करली. पहिल्या रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ दे रे इकडे."

चिरंजीवांनी मीठ दिलं आणि सवयीने बायकोकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. बोलतायत, बोलतायत, थांबायचं नाव नाही. सुनेचा चेहरा हळूहळू फुलला. तिने छातीवर हात ठेवला. "थँक्यू, मदर!"

कात्रीबाईंचा घास हातातच राहिला. मिठाला एवढं लांबलचक इंग्रजी? त्यात 'मदर' होतं, 'हॅपी' होतं, 'हाऊस' होतं. मिठाचा तर पत्ताच नव्हता.

दुसऱ्या रात्री त्यांनी मुद्दाम एक नंबरी टोमणा सोडला: "तू आल्यापासून या घरातले चमचेसुद्धा जीव मुठीत धरून असतात, सांग तिला." आणि या वेळी सुनेचा चेहरा न बघता चिरंजीवांचे ओठ बघितले. आजवर त्या टोमणा सोडला की समोरचा चेहरा बघत, कुठे लागला ते पाहायला. बोलणाऱ्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. चिरंजीवांचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं पाठ केलं आणि मास्तरांसमोर जाऊन ओतलं.

मास्तर म्हणाले, "आई म्हणतात, तू आल्यापासून या घरात जीव आला."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके महिने! इतके महिने त्यांनी एकेक टोमणा बेतला, पारखला, कडा दुमडून, इस्त्री करून पाठवला, आणि हा पोरगा वाटेतच त्याचं पायपुसणं करत होता! पोरगी निगरगट्ट नव्हती. तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. बाईंना राग आला तो आपली कारागिरी वाया गेल्याचा. मुलाने खोटं बोलून घरातली भांडणं टाळली, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण त्याबद्दल त्यांनी त्याला मनातल्या मनात नेभळट एवढीच पदवी दिली. घरात त्या काही बोलल्या नाहीत. आता तर टोमणा स्वतःच्या तोंडाने मारायचा, हे पक्कंच झालं. लोण्याचं वाक्य त्या मशीनवर बसल्या बसल्या पुटपुटायच्या आणि शेजारची काज-बटणवाली घाबरून त्यांच्याकडे बघायची.

हॉस्पिटलची ऑर्डर गेली. टाइलवाला आला. जाडजूड, खिशात पोलादी टेप. आल्या आल्या त्याने भिंतींवर गुद्दे मारून पाहिले, जणू भिंतींनी त्याचं काही बिघडवलं होतं. "हे टेबल आधी बाहेर काढावं लागेल," तो म्हणाला. "दारातून निघणार नाही. तोडावं लागेल."

मशिनी बंद होत्या. खोली कधी एवढी गप्प नव्हती. कात्रीबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या, लोण्याचं वाक्य जिभेवर तयार. सून जिन्यावरून खाली आली. तिने एका मशीनवर हात ठेवला, मग नवऱ्याला हळू आवाजात काहीतरी विचारलं. बाई ऐकत होत्या. आठ दिवसांच्या ऐकण्याचे आता बरेच आठवडे झाले होते.

"व्हाय?" सून म्हणाली. "शी लव्ह्ज धिस प्लेस. आस्क हर वन्स मोअर. प्लीज."

"शी इज टायर्ड," चिरंजीव म्हणाले. "शी वॉन्ट्स रेस्ट. शी आस्क्ड मी टू सेल."

मग ते आईकडे वळले. चेहऱ्यावर काळजी, आवाजात माया. "आई, ती म्हणते, आजच सह्या होऊन गेल्या तर बरं. काल रात्रभर डोकं धरून बसली होती गं."

त्याच्या इंग्रजी वाक्यांत वाक्प्रचार नव्हता. अवघड शब्द नव्हता. टायर्ड, रेस्ट, सेल; वर्गातला सगळ्यात ढ टॅक्सीवालाही समजला असता. कात्रीबाईंना आधी वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, उत्तराची वाट पाहत, आणि तिचे डोळे भरले होते. डोकं उठलेल्या माणसाचे डोळे असे नसतात.

लोणी, बादली, टाचण्या, सगळं इंग्रजी डोक्यातून पळून गेलं. "नो," बाई म्हणाल्या. "आय नो टायर्ड. आय नो सेल."

टाइलवाल्याच्या हातातली टेप खाटकन मिटली. बाईंनी मशीनकडे बोट दाखवलं, मग तिच्या कपाळाकडे. "यू? मशीन? पेन?"

"मी?" तिने स्वतःच्या छातीला हात लावला. तेवढा एक शब्द दोन्ही भाषांत सारखाच होता. "नो! आय लाइक इट! आय लाइक इट सो मच!"

"आई, अगं, तुला नीट कळलं नसेल, थांब, मी तिला समजावतो," चिरंजीव मधे आले.

"तू आता कुणाला काही समजावू नकोस!" बाई कडाडल्या. यात टोमणा नव्हता, बेतलेलं काही नव्हतं. "तिच्या तोंडून मला घालवलंस, माझ्या तोंडून तिला फसवलंस! दोन बायकांच्या मधे बसून दोघींचं खाल्लंस! व्यायामशाळा काढतोय. मेल्या, स्वतःच्या तोंडाने 'मला पैसे हवेत' एवढं म्हणायची ताकद नाही तुझ्यात, तू लोकांकडून वजनं उचलून घेणार? मागितले असतेस तर शिव्या घातल्या असत्या मी, पण दिलेही असते कदाचित. खोटारड्या! आणि तेही आईच्या नावावर!"

चिरंजीवांनी मान खाली घातली. टाइलवाला केव्हा निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. सुनेला मराठी कळत नव्हतं, पण या बोलण्याला दुभाषी लागलाच नाही. ती नवऱ्याला दोन वाक्यं बोलली, फार हळू. बाईंना त्यातलं फक्त 'लाइड', खोटं बोललास, एवढंच कळलं. तेवढं पुरे होतं. शिवणघर वाचलं होतं. बाई स्टुलावर बसल्या. आपण जिंकलो, त्यांना वाटलं. आयुष्यात इतकं तोंडसुख त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

सून त्यांच्या पुढ्यात येऊन खाली फरशीवर बसली. आता तिला माहीत होतं की सासूला थोडंफार कळतं, म्हणून ती एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "मदर. ही लाइड. अबाउट धिस." तिने खोलीभर हात फिरवला. मग थांबली. पुढचं विचारायला तिला जड जात होतं. "डिनर टाइम. एव्हरी नाइट. ऑल द गुड थिंग्ज यू सेड. अबाउट मी. दॅट ऑल्सो लाय?"

कात्रीबाईंना शब्दन्‌शब्द कळला. कळला नसता तर किती बरं झालं असतं! चेहरा कोरा ठेवून, मान हलवून, कळलं नाही म्हणायची सोय कालपर्यंत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. परक्या देशात, परक्या घरात ही पोरगी रोज रात्री आपलं म्हणून काहीतरी घेऊन झोपत होती, आणि ते आपण तिला कधीच दिलं नव्हतं. बशीवरून, थँक्यूवरून, हसण्यावरून, रोज तिच्या ताटात आपण काय वाढत होतो ते त्यांना एकेक आठवलं. आणि त्यांना लाज वाटली. कात्रीबाईंना, ज्यांना कधी कुणाची वाटली नव्हती.

चिरंजीव दाराशी उभे होते. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर आईशी हिशोब तिथल्या तिथे चुकता झाला असता.

"नो," कात्रीबाई म्हणाल्या. "दॅट, ही टेल ट्रू. ऑल ट्रू."

सुनेने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती रडू लागली. चिरंजीवांनी मान वर करून आईकडे पाहिलं. बाईंनी सुनेच्या केसांवर हात ठेवला आणि मुलाच्या नजरेला नजर दिली नाही.